एलपीएनचं लायसन्स आणि मानसशास्त्राची बी.ए.: दोन्ही एकत्र कुठे चालतात?

पत्र: मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्रात बी.ए. केलं आणि लग्न होऊन न्यू जर्सीत आले. एच-4 या नवऱ्यामागून मिळणाऱ्या व्हिसावर असल्यामुळे बरीच वर्षं घरीच गेली. ग्रीन कार्ड आल्यावर इथल्या व्होकेशनल स्कूलमधून प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स केला, एनक्लेक्स-पीएन ही लायसन्सची परीक्षा पास झाले आणि एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, झाले. आता एका नर्सिंग होममध्ये दुपारी तीन ते रात्री अकराची शिफ्ट करते. तीस जणांच्या गोळ्या वाटता वाटता शिफ्ट कधी संपते कळत नाही. मला मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचं आहे, पण जाहिरातींत एक तर आरएन (रजिस्टर्ड नर्स) मागतात, नाहीतर मास्टर्स. नवरा म्हणतो, आरएन कर. पुण्यातली बहीण स्वतः कौन्सेलर आहे, ती म्हणते कौन्सेलिंगमध्ये मास्टर्स कर. वय 37, दोन मुलं, धाकटी यंदा किंडरगार्टनला. लायसन्स आणि पदवी दोन्ही एकत्र वापरता येतील असं काही काम आहे का, की ती बी.ए. आता विसरूनच जाऊ?

उत्तर:

बी.ए. विसरू नका. पण ज्या जागी तुम्ही तिचा भाव विचारताय, तिथे तो मिळणार नाही, हे आधीच सांगते.

अमेरिकेत नर्सला पगार मिळतो तो लायसन्सचा. युनियनचा करार असो वा एचआरचा तक्ता, एलपीएनच्या रांगेत तुम्ही उभ्या राहिलात की तुमच्याकडे बी.ए. आहे म्हणून तासाला चार डॉलर जास्त कोणी देत नाही. अधिकारही वाढत नाहीत. पेशंटचं असेसमेंट आणि केअर प्लॅन ही आरएनची जबाबदारी. एलपीएनने निरीक्षण करायचं, नोंदवायचं, कळवायचं आणि ठरलेले उपचार द्यायचे. मानसशास्त्र शिकलात म्हणून ही रेघ पुढे सरकत नाही. सायकियाट्रिक नर्सिंगचं एएनसीसी या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेशनही फक्त आरएनसाठी आहे. म्हणून दोन्ही कागद एकाच वेळी मागणारी जाहिरात तुम्हाला सापडत नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नका.

लायसन्स कुठे चालतं, पदवी कुठे चालते, हे वेगवेगळं बघा. मग दोन्ही एकमेकांना कुठे भेटतात ते दिसायला लागेल.

पदवीचं आधी सांगते, कारण हे फार कमी नर्सेसना ठाऊक असतं. काही पदं अशी आहेत की तिथे बॅचलर्स डिग्री ही सरकारी नियमातलीच अट आहे आणि त्या नियमात मानसशास्त्राचं नाव लिहिलेलं आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या निवासी केंद्रांत क्यूआयडीपी नावाचं पद असतं. प्रत्येक रहिवाशाचा कार्यक्रम ठरवणं, तो चालतोय का बघणं, सगळ्या तज्ज्ञांचा मेळ घालणं, हे त्याचं काम. फेडरल नियमाप्रमाणे त्यासाठी अशा लोकांबरोबर प्रत्यक्ष कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि शिवाय तुम्ही डॉक्टर किंवा आरएन असावं लागतं, नाहीतर ठरावीक विषयांतली पदवी लागते. त्या विषयांत मानसशास्त्र आहे. म्हणजे गंमत बघा, एलपीएन म्हणून तुम्ही या पदाला अपात्र आणि बी.ए. म्हणून पात्र. आणि जो एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुमचं लायसन्स मिळवून देऊ शकतं, कारण अशा केंद्रांत औषधं द्यायला, फिट्स आणि फीडिंग ट्यूब सांभाळायला एलपीएन लागतातच. न्यू जर्सीत अपंगत्व विभागाच्या योजनांमध्ये सपोर्ट कोऑर्डिनेटरचं काम असतं, तिथेही पदवी बघतात.

दुसरी जागा तर कदाचित तुमच्याच इमारतीत असेल. 120 पेक्षा जास्त खाटांच्या नर्सिंग होमला पूर्णवेळ सोशल वर्कर ठेवावाच लागतो. फेडरल नियम त्यासाठी सोशल वर्कची किंवा मानसशास्त्रासारख्या विषयाची पदवी आणि आरोग्य क्षेत्रात देखरेखीखाली केलेल्या सोशल वर्कचा एक वर्षाचा अनुभव मागतो. नर्सिंगचा अनुभव त्यात धरत नाहीत. शिवाय राज्याचे आणि मालकाचे नियम याहून कडक असू शकतात, त्यामुळे हुरळून जाऊ नका. पण तुमच्या इथल्या सोशल सर्व्हिसेस डायरेक्टरला एकदा गाठून विचारा की तुमच्या हाताखाली असिस्टंट म्हणून कोणाला घेता, आणि काय बघून घेता. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक खोट आहे. या दोन्ही प्रकारच्या नोकऱ्यांत पगार कित्येकदा एलपीएनच्या तासाच्या दराहून कमी असतो. शनिवार-रविवार सुट्टी मिळते, रात्री घरी असता, पण घराचा हप्ता तुमच्या ओव्हरटाइमवर चालत असेल तर आधी नवऱ्याबरोबर बसून हिशेब करा.

आता लायसन्स. मोठ्या हॉस्पिटलांच्या सायकियाट्रिक वॉर्डांत एलपीएनच्या जागा कमी झाल्या आहेत. म्हणून जाहिराती बघून तुमचा समज झाला की हे क्षेत्रच बंद आहे. तसं नाही, जिथे एलपीएन लागतात त्या जागा वेगळ्या आहेत. राज्याची सायकियाट्रिक हॉस्पिटलं, म्हणजे ग्रेस्टोन पार्क, ट्रेंटन, अँकोरा. तुरुंगातली आरोग्यसेवा. दारू आणि ड्रग्ज सोडवणारी डिटॉक्स केंद्रं. मेमरी केअर, म्हणजे विस्मरणाच्या पेशंटची केंद्रं. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर घरी किंवा शाळेत एकास एक काम. आणि मेथाडोन क्लिनिक.

मेथाडोन क्लिनिकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या बायका त्या नावानेच दचकतात. हेरॉइन किंवा फेन्टानिलच्या व्यसनातून बाहेर पडणारे लोक रोज सकाळी तिथे मेथाडोन या औषधाचा डोस घ्यायला येतात. त्यांना कामावर जायचं असतं, म्हणून खिडकी पहाटेच उघडते, साडेपाच-सहाला, आणि डोस देण्याचं काम दुपारच्या आत आटपतं. हा डोस एलपीएन देऊ शकते, तसं फेडरल नियमातच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काचेमागे बसून औषधाचा कप पुढे करायचा, बस्स. प्रत्यक्षात प्रत्येक माणूस तुमच्यासमोर मिनिट-दोन मिनिटं उभा असतो आणि तेवढ्यात तुम्हाला ठरवायचं असतं की याला डोस द्यायचा की थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. डोळे जड आहेत का, जीभ अडखळतेय का, काल आला नव्हता तो कुठे होता, रोज चेष्टा करणारा आज गप्प का आहे. त्याच माणसाला तुम्ही पुन्हा पुन्हा, सुरुवातीला तर जवळजवळ रोज बघता. थेरपिस्टला तो आठवड्यातून एक तास दिसतो. तुम्ही कॉलेजात शिकलेलं व्यसनाचं मानसशास्त्र इथे जितकं कामाला येईल, तितकं दुसरीकडे क्वचित. शिवाय अशा ठिकाणी कौन्सेलर शेजारच्याच खोलीत बसलेले असतात. न्यू जर्सीत व्यसनमुक्ती समुपदेशनाचं सीएडीसी हे सर्टिफिकेट मास्टर्सशिवाय मिळू शकतं. त्यासाठी 270 तासांचं शिक्षण आणि देखरेखीखालचा अनुभव लागतो. नोकरी करता करता ते जमवणारी माणसं मी पाहिली आहेत. लायसन्स आणि पदवी खऱ्या अर्थाने एका छपराखाली येतात त्या याच जागा, असं माझं मत आहे.

पहाटे चारला उठावं लागेल आणि मुलांना बसस्टॉपवर दुसऱ्या कोणाला सोडावं लागेल, हे मात्र आहे. पण दुपारी तीनला तुम्ही घरी असाल. सध्या मुलं शाळेतून येतात तेव्हा तुम्ही बाहेर पडता, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण शिफ्टच्या वेळेवरून कळतंच.

ज्यांना वाटतं की नर्सिंग आणि मानसशास्त्र ही जोडी विजोड आहे, त्यांना मी हिल्डगार्ड पेप्लाऊंचं नाव सांगते. 1931 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून त्यांनी डिप्लोमा घेतला. मग व्हरमॉंटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात नर्स म्हणून काम करता करता 1943 मध्ये बी.ए. केलं, तेही मानसशास्त्रात. पुढे युद्धात आर्मी नर्स कोअर, मग कोलंबियात मास्टर्स आणि डॉक्टरेट. 1952 साली नर्स आणि पेशंट यांच्यातल्या नात्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. नर्सने डॉक्टर सहलेखक न घेता असं पुस्तक लिहायचं, हेच तेव्हा लोकांना पचत नव्हतं, म्हणून ते छापायला वेळ लागला. आज अमेरिकेत मानसोपचार नर्सिंगच्या आई म्हणून त्यांचं नाव घेतात. आणि 1954 पासून वीस वर्षं त्या शिकवत होत्या ते तुमच्या घराजवळच, रटगर्समध्ये. ही थोरवी ऐकवायची म्हणून सांगत नाही. त्यांचा क्रम बघा: आधी नर्सिंग, मग मानसशास्त्र, मग कामाचा अनुभव, आणि मगच मोठी पदवी. तुमचे पहिले दोन टप्पे उलटसुलट झाले आहेत, एवढंच. मधला टप्पा मात्र तुम्ही गाळायला निघाला आहात.

म्हणून नवरा की बहीण, कोणाचं ऐकू, याला माझं उत्तर आहे की वर्षभर दोघांचंही नको. आधी एक वर्ष वर सांगितलेल्या एखाद्या जागी काम करा. पूर्णवेळ जमत नसेल तर पर-डिएम, म्हणजे लागेल तशा सुट्या शिफ्ट घ्या, महिन्यातून चार. मानसिक आरोग्यात काम करायचंय असं म्हणणाऱ्या दहाजणींत निम्म्यांना बोलायला आवडतं आणि निम्म्यांना आजार समजून घ्यायला आवडतो, आणि या दोन फार वेगळ्या नोकऱ्या आहेत. पहिल्या प्रकारच्या बाईने आरएन केलं तर ती कॉम्प्युटरवर नोंदी करताना कुढत राहते. दुसऱ्या प्रकारच्या बाईने कौन्सेलिंग केलं तर पेशंट लिथियम या मानसोपचाराच्या औषधावर आहे, हात थरथरतायत, आणि आपल्याला रक्ताची पातळी बघता येत नाही, म्हणून ती कुढते. तुम्ही कुठल्या आहात हे मला पत्रावरून कळलं नाही. तुम्हालाही कळलेलं नसावं.

तरी दोन्ही रस्त्यांचा नकाशा हाताशी असू दे.

बहिणीच्या रस्त्यावर इथे साधारण 60 क्रेडिटचं मास्टर्स लागतं, त्यात विनापगार इंटर्नशिप, आणि नंतर पूर्ण लायसन्स मिळेपर्यंत देखरेखीखाली काढायची वर्षं. सरकारी आकड्यांनुसार 2024 मध्ये व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य कौन्सेलरांचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे 59,000 डॉलर होतं. एलपीएनचं सुमारे 62,000. होय, कौन्सेलरांचं कमी. त्या आकड्यात मास्टर्स नसलेले कौन्सेलरही धरलेले आहेत, आणि स्वतःची प्रॅक्टिस जमली की चित्र बदलतं, हे खरं. पण बहिणीला पुण्यात जे दिसतं त्यावरून इथला हिशेब मांडू नका. कौन्सेलिंग करायचंच ठरलं तर एमएसडब्ल्यूची, म्हणजे सोशल वर्कमधल्या मास्टर्सचीही चौकशी करा. त्या पदवीला हॉस्पिटल, शाळा, विमा कंपनी, सगळीकडे दार असतं.

नवऱ्याच्या रस्त्यावर आरएनचं मध्यम उत्पन्न त्याच वर्षी सुमारे 93,600 डॉलर. नवरे लोक हा आकडा लगेच शोधून काढतात. इथे तुमच्या बी.ए.ची खरी किंमत लपलेली आहे. दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठी साधारण सव्वा ते दीड वर्षाचे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचे (नर्सिंगमधल्या बॅचलर्सचे) कोर्स असतात, रटगर्समध्येही आहे. पण ते दिवसभराचे असतात, त्यासोबत नोकरी होत नाही, आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स वगैरे विषय आधी करून यावे लागतात. दोन मुलं आणि एक हप्ता असलेल्या घरात हे सोपं नाही. त्यापेक्षा मला दुसरी वाट जास्त पटते: काउंटी कॉलेजातून एलपीएन ते आरएन ब्रिज. तुमच्या एलपीएनच्या शिक्षणाचं क्रेडिट धरून असोसिएट डिग्री (बॅचलर्सच्या खालची पदवी), मग एनक्लेक्स-आरएन. आणि त्यानंतर, हे नीट लक्षात ठेवा, काही विद्यापीठं नर्सिंगव्यतिरिक्त विषयातली बॅचलर्स असलेल्या आरएनना थोडे पूरक विषय करून घेऊन थेट एमएसएनला (नर्सिंगमधल्या मास्टर्सला) प्रवेश देतात. म्हणजे मधलं बीएसएन वाचतं. त्या एमएसएनमध्ये सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर ही शाखा निवडली की रोगनिदान, औषधं आणि थेरपी, तिन्ही तुमच्या हातात. तुमची जोडी जिथे शेवटी पूर्ण जुळते ते पद हे. अजून सहा-सात वर्षं आहेत त्याला. शिवाय शेवटच्या वर्षी क्लिनिकल तासांसाठी प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, शोधताना विद्यार्थिनींच्या नाकी नऊ येतात. डिटॉक्समध्ये किंवा राज्याच्या हॉस्पिटलात चार माणसं ओळखीची असली तर तिथेही मदत होते.

न्यूयॉर्कला नोकरी करायचा विचार असेल तर एवढं ठाऊक असू दे की तिथे 2017 च्या कायद्याने नव्या आरएनना दहा वर्षांत नर्सिंगमधली बॅचलर्स किंवा त्यावरची पदवी घ्यावी लागते. मानसशास्त्राची बी.ए. तिथे चालणार नाही, एमएसएन चालेल.

पैशांची एक खोच. ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स आहे त्याला पुढच्या पदवीसाठी फेडरल पेल ग्रँट (सरकारची शिक्षणाची मदत) मिळत नाही, काउंटी कॉलेजात शिकलं तरी नाही, आणि परदेशी पदवीही त्यात धरू शकतात. त्यामुळे फी मालकाकडून काढायची. नोकरी देणारी संस्था शिक्षणासाठी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते. बऱ्याच संस्था देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत. मुलाखतीत शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणतात ना, तेव्हा हे विचारा.

तोवर आहे त्या नोकरीतही बी.ए. वापरता येईल, आणि ही गोष्ट मला इतर सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. तुमची शिफ्ट तीनला सुरू होते. डिमेन्शियाच्या पेशंटची संध्याकाळची तगमग तुमच्याच वाट्याला येते. बहुतेक नर्सेस नोंद करतात: 'पेशंट अस्वस्थ, ओरडते.' पुढे कोणीतरी डॉक्टरांकडून गोळी मागून घेतं. तुम्ही कॉलेजात शिकलात त्या पद्धतीने लिहा: वागण्याच्या आधी काय झालं, नेमकं काय केलं, आणि नंतर काय घडलं. 'साडेचारला शेजारच्या खोलीतला टीव्ही मोठा झाला, आजी उठून दाराकडे गेल्या, आईकडे जायचं म्हणाल्या. टीव्ही लहान केला, पाच मिनिटं हात धरून बसले, शांत.' अशा नोंदीला वजन असतं. डिमेन्शियाच्या वृद्धांना अँटिसायकोटिक गटातली मानसोपचाराची औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा काळ्या चौकटीतला इशारा एफडीए या औषधांवरच्या सरकारी संस्थेने 2005 सालीच दिला. गरज पडेल तेव्हा द्यायच्या अशा मानसोपचाराच्या औषधांची ऑर्डर नर्सिंग होममध्ये साधारणपणे 14 दिवसांपुरतीच असते, आणि चालू औषधाचा डोस कमी करून बघावा लागतो. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना त्या वेळी हवी असते ती नेमकी तुमच्यासारखीची नोंद. सहा महिने असं लिहिलंत की युनिट मॅनेजर तुम्हाला बिहेवियरच्या मीटिंगला बोलवायला लागेल. आणि पुढच्या मुलाखतीत 'मानसिक आरोग्याचा अनुभव आहे का' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

न्यू जर्सीतल्या एडिसन-इझेलिनच्या पट्ट्यात देशी आजी-आजोबा असलेली नर्सिंग होम आहेत, तिथे मराठी, हिंदी, थोडीफार गुजराती हे भांडवलच. फक्त डॉक्टर पेशंटला निदान किंवा उपचाराची संमती समजावत असतील तेव्हा मधे दुभाषी म्हणून उभ्या राहू नका. त्यासाठी पात्र दुभाषी लागतो, नाहीतर चूक तुमच्या गळ्यात पडते.

तसंच मंडळाच्या गणपतीत कोणी 'या आमच्या सायकॉलॉजिस्ट' अशी ओळख करून दिली तर हसून दुरुस्त करा. इथे सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला डॉक्टरेट आणि लायसन्स लागतं, आणि तुमचं नर्सिंगचं लायसन्स असल्या फुकटच्या बिरुदापायी अडचणीत यायला नको. रेझ्युमेवर मात्र बी.ए. शेवटच्या ओळीत लपवू नका. वर, लायसन्सच्या खाली, विषयासकट लिहा.

एक काम या आठवड्यात सुरू करा. तुमची बी.ए. तीन वर्षांची. परदेशी पदव्या तपासून अहवाल देणाऱ्या इथल्या काही मूल्यांकन संस्था ती काही अटींवर अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही तीन वर्षांचंच शिक्षण म्हणून मोजतात. वर लिहिलेलं निम्मं गणित त्या अहवालाच्या एका कागदावर अवलंबून आहे. आधी कॉलेजला आणि मालकाला विचारा की कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल, मग पैसे भरा. ट्रान्सक्रिप्ट बहुतेकदा विद्यापीठाकडून थेट मागवतात आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा कोल्हापुरात खेटे घालायला तयार असलेला एखादा भाऊ किंवा भाचा आत्ताच हेरून ठेवा.